आत्याबाईंच्या मुंग्या आन् पावट्यावरला मावा

मावा म्या आनला म्हनं. म्या! जसं काय किकवीच्या माहेरावरनं येताना वाटंत कुठं तरी पदरात गोळा केला आन् हितं यिऊन मुठीमुठीनं पावट्यावर टाकला. वरीस हुत आलं ह्या गोष्टीला, पोरगी पायावर उभी ऱ्हायली, तरी माजा राग निवला न्हाई, आन् कुनापाशी बोलायची सोय बी न्हाई, म्हनून समदं लिवून काढतीया. माजी मराठी तिसरी झालीया किकवीच्या शाळंत, चौथीत बसायच्या आदीच लगीन झालं, तवा कुठं काना-मात्रा चुकला तर चुकू द्या. खोटं मातुर येक अक्षर लिवनार न्हाई.

आमची वाडी हिर्डोशीच्या वर, वरंध्याच्या अंगाला. दहा-बारा घरं. आमच्या घरात आत्याबाई म्हंजी माजी सासू, माजं धनी, मी, आन् तवा सात म्हयन्याची असलेली माजी पोरगी. मामंजी मी लगीन हुऊन यायच्या आदीच गेलेलं. धनी थंडीच्या दिसात रानात कोळशाच्या भट्टीवर असायचं, आठ दिसांनी येक सांज घरला यायचं, काळंकुट्ट हुऊन, भाकरी खाऊन आडवं पडायचं की सकाळी पुन्यांदा रानात. म्हंजी घरात आमी दोगी बायका आन् येक लेकरू.

घरामागं परडं. परड्यात चार मेढी रोवून, वर कारवीच्या काठ्या टाकून पावट्याचा मांडव केलेला, आन् येका मेढीला खेटून लिंबोनीचं झाड. ह्या पावट्याचं बी आत्याबाईंनी त्यांच्या लग्नात माहेरावरनं वटीत बांधून आनलेलं. दर साली थोडं राखून ठेवायचं, राखंत घोळून मडक्यात, मडकं उतरंडीच्या पार तळाला. पाहुना आला तर पाहुन्याला बी त्या बियाची उसळ मिळायची न्हाई. मी लगीन करून आले तवा पयल्याच आठवड्यात आत्याबाईंनी मला मांडवाखाली नेलं आन् म्हनल्या, "घरातलं काय बी फुटलं तर चालंल, ह्ये बी मोडायचं न्हाई." हसून म्हनल्या, पर डोळं हसत नव्हतं.

आता येक गोष्ट सांगाया पायजे, न्हाईतर पुढलं कळायचं न्हाई. ह्या पोरीच्या आदी मला मुलगा झाला व्हता. तीन म्हयन्याचा हुऊन गेला. आत्याबाईंच्या मांडीवर गेला, मी पान्याला गेले व्हते. त्याच्यावर मी जास्ती लिवत न्हाई.

मंग ही झाली. हिच्या पाचवीला आत्याबाई परड्यात गेल्या. लिंबोनीच्या बुडाशी मुंग्यांचं बीळ हाय, काळ्या मुंग्या, चावत न्हाईत, आमच्यात त्यास्नी देवाच्या म्हनत्यात. त्या बिळापाशी बसून आत्याबाईंनी पदर पसरला आन् म्हनल्या, "ही वर्साची हुईस्तवर रोज सकाळी मूठभर पीठ आन् गुळाचा खडा तुमास्नी. हिला तेवढी राखा." तवापासनं येक दिस चुकला न्हाई. घरात नाचनीचं पीठ तळाला गेलं, आमी भाकरी निम्मी केली, तरी मुंग्यांची मूठ ठरलेली. मला राग यायचा का? खरं सांगते, न्हाई. मी बी पोरगीला कडंवर घिऊन मागं उभी ऱ्हायाची आन् हात जोडायची. मला बी भ्या व्हतं. पोरगी शिंकली तरी मी आदी लिंबोनीकडं बगायची, मुंग्या खात्यात ना म्हनून.

पुसाच्या म्हयन्यात आभाळ आलं. चार दिस सूर्य दिसला न्हाई, सकाळी तर धुक्यानं मांडव बी दिसंना. पाचव्या दिशी मी शेंगा काढाया गेले, शेंड्याला हात घातला आन् हात चिकाट झाला. बगते तर शेंड्याशेंड्यावर काळं, मोहरी वतल्यावानी, दाट, आन् त्यातलं हळूहळू हालतंय. अंगावर काटाच आला. कवळी पानं मुडपून गेलेली, फुलं हात लावला की गळत व्हती, खालच्या पानांवर गुळाच्या पाकावानी चकाकतंय. लिंबोनीच्या तांबूस पालवीवर बी तसंच. मी पळत घरात गेले.

"आत्याबाई, पावट्यावर मावा पडलाय!"

"कुठं? काल तर न्हवता."

"आत्ता बगितला म्या."

"तुलाच बरा पयल्यांदा दिसला," आत्याबाई म्हनल्या आन् चुलीतलं लाकूड मागं वढलं. हितंच सुरवात झाली बगा. ज्येनं सांगितलं त्येच्याच गळ्यात.

मंग आत्याबाईंनी लई खटपट केली, त्ये न्हाई म्हनत न्हाई. सुपानं राख उधळली, ती दवानं भिजून खाली पडली. आंबूस ताक शिंपडलं. वल्या पाल्याचा धूर केला, त्या धुरानं माव्याचं काय झालं न्हाई, पोरगी मातुर दिसभर खोकली. मंग म्हनल्या दिष्ट लागली असंल, मांडवाला पायतान टांगाया पायजे. आन् टांगलं कुनाचं? माजं! लग्नात माज्या बापानं घिऊन दिलेली भोरची पायतानं, वर्सातनं दोनदा घालाया मिळायची, त्यातलं येक काढून दोरीनं मांडवाला लटकावलं. मी म्हनलं, "आत्याबाई, ह्यांचं फाटकं हाय की कोनाड्यात." तर म्हनल्या, "ज्येचं त्येचंच लागतं." म्हंजी काय? दिष्ट माजी, म्हनून पायतान बी माजं. बोलल्या न्हाईत उगड, पर मला कळाया काय शाळा लागती का!

आन् मुंग्या? मुंग्या बुडापासनं मेढीवरनं, लिंबोनीवरनं नुसती रांग लावून वर चढत व्हत्या. आत्याबाईंचा जीव लई सुखावला. शेजारच्या काकीला हाक मारून दावलं.

"बग गं, माज्या मुंग्या निघाल्या वर. मावा खायाला! माजं पीठ वाया न्हाई गेलं."

"पुन्याई तुमची, वैनी."

आन् दुसऱ्या दिसापासनं येका मुठीच्या दोन मुठी.

त्याच आठवड्यात मी बाजूला बसले. पोरगी झाल्यापासनं पयल्यांदाच. आमच्यात बाजूला बसलेल्या बाईनं परड्याच्या दाराशी पडवीच्या कोपऱ्यात बसायचं, चार दिस, गोनपाटावर. कशाला हात लावायचा न्हाई. पोरगीला तेवढं जवळ द्यायच्या, अंगडं-टोपडं काढून, उगड्या अंगाचं लेकरू इटाळत न्हाई म्हनत्यात. तिला पाजायचं आन् बसायचं. मांडव माज्या समोर दहा हातावर.

दुसऱ्या सांजंला काकी आली, माज्याकडं बगितलं, मांडवाकडं बगितलं, आन् आत्याबाईंना म्हनली, "वैनी, सूनबाईची सावली मांडवापत्तूर जातीया की."

आत्याबाईंनी सावली डोळ्यानं मापली. काकीच म्हनली, "मंग मावा पडंल न्हाईतर काय."

माजं डोस्कंच फिरलं. मी बसल्या जागंवरनं म्हनलं, "काकी, मावा पडून आठ दिस झालं! मी काल बसले! कालची सावली आठ दिस मागं कशी जाईल?"

"त्वांड बग कसं चालतंय," काकी आत्याबाईंना म्हनली, माज्याशी न्हाई. "शाळंत घातल्यावर असंच व्हतं."

आन् दोगी हसल्या. मी रडले न्हाई. मी रागानं मांडवाकडं बगत बसले. दुसरं करायचं तरी काय, चार दिस! आन् असं बसून बसून, येकटक बगून, मला त्ये दिसलं.

पडवीच्या खांबाला धरून पावट्याचा येक शेंडा माज्या हाताच्या अंतरावर आला व्हता. हात लावला न्हाई, देवाशपथ, नुसतं वाकून बगितलं. शेंड्यावर मावा, आन् माव्यात येक मुंगी. मी म्हनलं आता खाईल. तर ती खाईना. तिनं आपल्या डोस्क्यावरच्या दोन काड्यांनी येका माव्याच्या ढुंगनावर हळूहळू थापटलं, म्हस पान्हवताना आपन कासंला हात लावतो ना, तस्सं. आन् त्येच्या मागनं येक थेंब आला, पान्यावानी, चकचकीत. मुंगीनं तो पिऊन टाकला. मंग दुसऱ्याकडं गेली. मंग तिसऱ्याकडं. मी बगतच ऱ्हायले. पोरगी माज्या छातीला लागलेली आन् मी बगतीया मुंग्या माव्याची धार काढत्यात!

दुसऱ्या दिशी ह्याच्या पुढचं. येक तांबडा किडा आला, कुकवाच्या टिकलीयेवडा, पाठीवर काळं ठिपकं. तो बसला आन् सरळ मावा खायाला लागला, कडाकडा, येक, दोन, तीन. माजा जीव हरखला. तेवढ्यात तीन मुंग्या धावून आल्या, त्येच्या पायाला चावल्या, अंगावर चढल्या, तो बिचारा पंख उगडून उडून गेला. देवाच्या मुंग्या! आमी जनमभर म्हनतो चावत न्हाईत, आन् ह्या त्या माव्यासाठी चावत व्हत्या. त्यांनी तो पाळलेला व्हता. धनगराच्या शेरडावानी. आन् आमी आमची भाकरी निम्मी करून त्या राखनदारास्नी पीठ घालत व्हतो, दोन दोन मुठी!

चौथ्या दिशी न्हानं झाल्याबरूबर मी आत्याबाईंना सांगितलं. हातातलं काम सोडून सांगितलं, धाप लागली मला सांगताना. "आत्याबाई, मुंग्या मावा खात न्हाईत, त्याच त्येला राखत्यात, म्या डोळ्यानं बगितलं, तुमी या, दावते."

आत्याबाईंचं त्वांड पांढरं पडलं. "गप. देवाच्या जीवावर आळ घेतीस? पोरगीचा जीव त्यांच्यापाशी ठेवलाय म्या. तुला येक गमावून पुरलं न्हाई?"

मी सोडलेलं काम पुन्यांदा हातात घेतलं. त्ये वाक्य माज्या पोटात अजून हाय.

दुसऱ्या दिशी आत्याबाई वेल्ह्याच्या बाजूला गेल्या. तिकडं त्यांच्या भनीच्या गावात येक देवरुषी हाय. डोंगरातनं वाट, जाऊन येक मुक्काम करून यावं लागतं. परत आल्या तवा चेहरा उतरलेला. पानी बी प्याल्या न्हाईत, उंबऱ्यातच बसल्या.

"तुज्या दुधात दीठ, वंगाळ नजर, हाय म्हनला. पयला पोरगा त्यानंच वाळला. येल बी त्यानंच वाळतुया. आता हिची पाळी म्हनला."

"काय?"

"आवसंपत्तूर मावा गेला तर दीठ उतरली म्हनायची. न्हाई गेला, तर आवसंपासनं हिला अंगावर पाजायचं न्हाई. शेळीच्या दुधावर घालायची. म्या शेळी सांगून आलीया धनगरवाड्यात."

आन् असं बोलता बोलता आत्याबाई रडाया लागल्या. त्या का रडल्या, माजं दूद तोडत्यात आन् त्या रडत्यात! माजी पोरगी त्या टायमाला चुटूचुटू पीत व्हती, येक हात माज्या गळ्यातल्या पोतीत घालून. ज्या मानसानं मला बगितलं न्हाई, माजी पोरगी बगितली न्हाई, आमचा मांडव कुठल्या दिशेला हाय त्येला ठावं न्हाई, त्येनं तिकडं बसून सांगितलं माज्या दुधात काय हाय त्ये! आन् माज्या रागाच्या खाली भ्या पन व्हतं, खोटं कशाला बोलू. वाटलं, खरं असंल तर? पयला का गेला मंग?

धनी आलं तवा म्या चुलीपाशी बसून समदं सांगितलं. मुंग्यांचं बी.

"मुंग्या धार काढत्यात?" धनी म्हनलं. "तुला चार दिस बसून झोप लागली असंल."

"अवं न्हाई वं! आवसंला नऊ दिस ऱ्हायलं. तुमी आईला सांगा की."

"शेळीचं दूद काय वाईट असतंय का? म्या बी प्यालोय. आई म्हनती तसं कर." आन् भाकरीचा तुकडा कालवनात बुडवला. भट्टीवर लाकडं कशी रचायची त्ये दहा वेळा तपासून बगनारा मानूस, आन् लेकराचं दूद तोडायला येक वाक्य!

शेळी आवसंच्या पाच दिस आदीच आली. धनगरीन घिऊन आली, काठी, घोंगडं आन् मोठा आवाज. दारात उभी ऱ्हाऊन माज्याकडं बगितलं, पोरगी अंगावर पीत व्हती, आन् त्या बाईनं इचारलं, "आई मेली म्हनून शेळी मागवली ना? मंग ही कोन?"

"तीच आई," आत्याबाई म्हनल्या.

"मंग आजारी हाय?"

"न्हाई."

"मंग शेळी कुनाला, तुमाला पाजायची?"

मला इतक्या दिसात पयल्यांदा हसू आलं, आन् आत्याबाईंनी माज्याकडं असं बगितलं की त्ये आतच गेलं. शेळी लांब दाव्यानं पडवीत बांधली. दिसभर ती माज्याकडं बगून बेंबाटायची. मी तिला म्हनायची, तुजं काय चुकलं बाई, तुला कुनी इचारलं न्हाई, मला बी न्हाई.

आवसंला चार दिस असताना आत्याबाई पुन्यांदा वेल्ह्याकडं निघाल्या, अंगारा आनायला. निघताना म्हनल्या, "मुंग्यांची मूठ चुकवू नगंस. आन् परड्यात दुसरा पाय टाकू नगंस."

"व्हय," म्हनलं म्या. मूठ चुकवली न्हाई, त्ये खरं. दुसरं खोटं.

त्या वळनाआड गेल्या आन् मी पोरगीला पडवीत झोळीत घातलं. आदी मूठ. तीन मुठी पीठ घेतलं, त्यांच्यापरीस येक जास्तीची, आन् गूळ. पर बिळाच्या त्वांडाशी न घालता, बिळापासनं बारीक रेघ वढत नेली, मांडवाच्या उलट्या अंगाला, बांधाच्या दगडापत्तूर, आन् ढीग तितं घातला. मंग बसले. हात जोडलं. म्हनलं, "तुमचं खानं बंद केलं न्हाई म्या. जागा बदलली. नवस मोडला न्हाई. राग आला तर माज्यावर काढा, हिच्यावर न्हाई." मुंग्या काय बोलनार. पर थोड्या येळानं रेघंवरनं निघाल्या खऱ्या.

मंग माजं जुनं लुगडं फाडलं. दिव्याचं करंजेल घेतलं. चिंध्या तेलात बुडवून चारी मेढींना आन् लिंबोनीच्या बुंध्याला वीतभर उंचीवर गच्च आवळल्या. पडवीच्या खांबाला धरलेला शेंडा सोडवून मांडवात सारला, लिंबोनीची मांडवाला टेकलेली फांदी कोयत्यानं तोडली, म्हंजी वर जायाला दुसरी वाट ऱ्हाऊ नये. मुंग्या चढत आल्या, चिंधीपाशी थांबल्या, डोस्कं हालवलं, मागं फिरल्या. वर अडकलेल्या वरनं धावत येऊन तितंच थबकल्या. मला हसू येत व्हतं आन् रडू पन. मंग रिठ्याचं पानी फेसाळून केलं आन् येकेक शेंडा हातात धरून बोटांनी पुसून काढला. किती शेंडं! सकाळपासनं मान वर करून मान मोडली, पदर काळा झाला, फेस कोपरापत्तूर वगळला, मदी दोन येळा पोरगीला पाजलं, हात राखंनं घासून धुऊन, कारन ह्या हाताचं तिच्या त्वांडात जायाला नगं. शेवटी कवळ्या पानांवर चाळलेली राख टाकली, वलं हाय तवाच, म्हंजी चिकटंल. समदं काय निघालं न्हाई. पर निम्म्यापरीस जास्ती निघालं.

आन् दुसऱ्या दिशी सकाळी पोरगीला ताप.

कपाळ तापलेलं, लाळ गळती, मूठ त्वांडात घालून किरकिर. मी बांधाकडं पळाले, मुंग्या पीठ नेत व्हत्या, समदं जागच्या जागी व्हतं, मंग ताप कशानं? वाटलं, जाऊन समद्या चिंध्या सोडाव्यात. येक सोडली बी. हातात धरून उभी ऱ्हायले. तेवढ्यात वर बगितलं तर शेंड्यावर तांबडं किडं, येक न्हाई, चार-पाच, आन् खात व्हतं, आन् त्यास्नी हाकलायला येक बी मुंगी वर न्हाई. म्या ती चिंधी पुन्यांदा बांधली. पोरगी तापली असताना बांधली. ह्ये लिवताना बी माजा हात थांबतोय. पर बांधली.

दुपारी आत्याबाई आल्या. अंगाऱ्याची पुडी पदरात. परड्यात पाय टाकला आन् तितंच उभ्या.

"ह्ये कुनी केलं?"

"म्या."

"मुंग्या उपाशी ठेवल्यास?" आवाज असा, जसं काय म्या मानूस मारलं.

"न्हाई आत्याबाई. बांधावर बगा. तुमच्यापरीस मूठभर जास्ती घातलंय."

त्या गेल्या, वाकल्या, दगडापाशीचं पीठ बगितलं. मंग मेढीकडं आल्या. चिंधीपाशी येक मुंगी आली, फिरली, गेली. आत्याबाई लई येळ बगत उभ्या. मंग वर मांडवात बगितलं.

"ह्ये तांबडं कोन?"

"मावा खानारं. तुमच्या मुंग्या ह्यास्नीच हाकलत व्हत्या."

तेवढ्यात पोरगी रडली. आत्याबाईंनी तिला झोळीतनं उचललं, कपाळाला हात लावला आन् चटका बसल्यावानी माज्याकडं बगितलं. "तापलीया! बगितलंस? बगितलंस काय केलंस? आवस लांब ऱ्हायली, आत्ताच तोडते!" आन् पोरगीला घिऊन आत गेल्या, शेळीचं दूद काढून ठेवलं व्हतं दुपारचं, धनी लहान असतानाचं पितळी बोंडलं फळीवरनं काढलं. मी मागं मागं, "आत्याबाई नगा वं, पाया पडते, नगा," आन् त्यांनी मला कोपरानं मागं सारलं. माज्याच लेकरापासनं!

बोंडल्याची नळी पोरगीच्या त्वांडात घातली. पोरगीनं दूद घेतलं न्हाई. तिनं त्ये बोंडलं रागानं चावलं.

टक्.

आत्याबाई थांबल्या. नळी जरा हालवली. पुन्यांदा, टक्. बारीक, पितळंवर खडा लागल्यावानी. त्यांनी बोंडलं खाली ठेवलं, करंगळी पोरगीच्या त्वांडात घातली, खालच्या हिरडीवर फिरवली. पुन्यांदा फिरवली. दूद सारवनावर सांडलं त्ये कुनी पुसलं न्हाई.

"दात हाय," त्या म्हनल्या.

मी जवळ सरकले.

"ताप दाताचा हाय." त्या करंगळी काढायला तयार न्हवत्या. "त्येला न्हवता आला." कुनाला, त्ये मला सांगाया नगं व्हतं. तीन म्हयन्याच्या लेकराला कुठला दात.

मंग त्यांनी पोरगी माज्या मांडीवर दिली. "घे. चावंल आता तुला."

येवडंच. मला वाटलं व्हतं अजून काय तरी म्हनतील. माजं चुकलं पोरी, असं काय तरी. न्हाई म्हनल्या. पर दुसऱ्या दिशी सकाळी पिठाची मूठ घिऊन त्या लिंबोनीपाशी गेल्या न्हाईत, सरळ बांधावर गेल्या. चिंधी वाळली व्हती, तिच्यावर तेलाचं बोट फिरवून आल्या. म्या पडवीतनं बगितलं, त्यास्नी ठावं न्हाई.

आवसंच्या सकाळी मांडवावर मावा हुडकून सापडंना. शेंड्याला नवी फुलं, पांढरी. माजं पायतान अजून लटकत व्हतं, त्ये म्या काढलं, झटकलं आन् खाली ठेवलं, आन् मांडवाखालीच बसून, समद्या वाडीला दिसंल असं, पोरगीला अंगावर घेतलं. धनगरीन शेळी न्यायला आली. काकी पन आली, मांडव बगायला.

"गेला की गं मावा!" काकी म्हनली.

"गेला," आत्याबाई दावं सोडता सोडता म्हनल्या. "वेल्ह्याचा अंगारा लई कडक."

अंगारा! पुडी फळीवर तशीच व्हती, दोरा बी सुटला न्हवता तिचा! माजी मान मोडली, माजं लुगडं फाटलं, माजं काळीज दोन दिस ठिकान्यावर न्हवतं, आन् अंगारा! दिठीचं आतापत्तूर धनगरवाड्यात बी कळलं व्हतं; धनगरीन माज्याकडं बगून म्हनली, "काय गं, तुज्या दुधातली ती दीठ कुठं गेली मंग?" आत्याबाई शेळीच्या पाठीवरनं हात फिरवत ऱ्हायल्या, वर बगितलं न्हाई. म्या म्हनलं आता सांगतेच, समद्यांच्या म्होरं सांगते, चिंध्या कुनी बांधल्या, पुडी कुठं हाय, समदं. त्वांड उगडलं.

तेवढ्यात पोरगी चावली. असली चावली की माज्या त्वांडातनं नुसती किंकाळीच बाहीर आली, शेळी दचकून पळाली, धनगरीन दावं धरून तिच्यामागं, आन् काकी इचारती, "काय झालं, काय झालं?"

"काय न्हाई," आत्याबाई म्हनल्या. "नात माजी जेवतीया."